दुष्काळाच्या नाचातली हलगी

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराला आमच्याकडे सगळंच नवं आलं. नवी कचेरी, नव्या पाट्या, नव्या मोटारी, नवे साहेब. पाऊस मात्र जुन्याच सवयीचा राहिला, म्हणजे आलाच नाही. मग या नव्या जिल्ह्याला नेमकं काय कमी पडतंय याचा वरच्या मंडळींनी बसून विचार केला असणार, कारण उत्तर निघालं ते प्रायोगिक नृत्य.

त्यासाठी पुण्याहून एक नृत्यदिग्दर्शिका आल्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. बाई दुष्काळावर नाच बसवणार होत्या आणि संगीत 'इथल्या मातीतलं' घेणार होत्या. मी तेव्हा नांदेडला शाळेत मास्तर होतो आणि ढोलकी-तबला बरा वाजवायचो. एवढ्यावर माझी गणना मातीत झाली. पेटीला उदगीरचे एक अप्पा होते. लिंगायत, कापडाचं दुकान, आणि पेटीवर हात असा गोड की गिऱ्हाईक भाव करायचं विसरावं.

तालमी नांदेडला आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये सुरू झाल्या. तालावर नाचणं हा बाईंच्या मते गुलामीचा प्रकार होता. नाचणाऱ्यानं वाजवणाऱ्याकडे आणि वाजवणाऱ्यानं नाचणाऱ्याकडे लक्ष द्यायचं नाही, दोघांनी आपापलं काम एकाच जागेत करायचं, की सहनिर्मिती होते. अप्पांनी हे सगळं हात जोडून ऐकून घेतलं आणि मला हळूच म्हणाले, "आमच्या दुकानातली भागीदारी बी अशीच हाय की."

दुपारभर पुण्याच्या मुली जमिनीवर सरपटत तहान दाखवायच्या. दाखवून दमल्या की दोन-दोन बादल्यांनी अंघोळ करायच्या, कारण अंगाला धूळ लागायची. शाळेमागच्या गल्लीतल्या बाया नळाजवळ घागरींची रांग लावून बसलेल्या असायच्या, त्यांना हॉलमधून पाणी सांडल्याचा आवाज जायचा. खरी तहान दाखवायची तर हॉलची मागची खिडकी उघडली असती तरी पुरलं असतं. पण ते प्रायोगिक झालं नसतं.

एके दिवशी बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. नाचाच्या मध्यावर एक मुलगी मेल्यासारखी पडणार होती. ती भुई. तिला हलगीच्या ठोक्यानं जाग यायची होती.

"हलगी तुम्ही वाजवायची," बाई म्हणाल्या. "तुमच्या तर रक्तातच असेल ती."

"रक्ताचं माहीत नाही बाई," मी म्हणालो, "पण आमच्या घरात हलगी नाही."

"अहो, कलेला कुठे जात असते?"

कलेला नसतेच. म्हणून तर बाईंनी बरोबर माझ्याच शेजारी येऊन बसायचं ठरवलं, अप्पांच्या नाही.

आमच्या गावात, औशाच्या अलीकडे, हलगी बा वाजवायचा. माझा बाप. लग्नाच्या वरातीपुढं, पोळ्याला बैलांपुढं, कुणी मेलं तर तिरडीपुढं. वाजवायचं सगळ्यांच्या पुढं आणि मांडव आला की थांबायचं बाहेर. जेवणं उरकली की उरलंसुरलं फडक्यात पडायचं. दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीनं बसून ठरवलं की हे काम बंद. त्या संध्याकाळी बानं खुंटीवरची हलगी काढली, कातडं फाडलं आणि लाकडाचं कडं चुलीत घातलं. मी लहान होतो. त्या जाळावर भाकरी झाल्या आणि आम्ही त्या खाल्ल्या. त्यानंतर घरात त्या वस्तूचं कुणी नाव काढलं नाही. मला बापाचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

बाईंना मी एवढं सगळं सांगितलं नाही. नाही म्हणालो, आणि हवी तर रिकामी घागर वाजवतो म्हणालो. घागर त्यांना इतकी आवडली की संध्याकाळपर्यंत ती कल्पना त्यांचीच झाली होती.

कार्यक्रम लातूरला, उघड्या मैदानावर; खुर्च्यांपुरता तेवढा मांडव. मी बाला गावाहून बोलावलं. तेवढ्याचसाठी खरं तर हा सगळा खटाटोप मी अंगावर घेतला होता. ज्या माणसानं आयुष्य मांडवाबाहेर वाजवण्यात घालवलं, त्यानं मांडवात, पुढच्या रांगेत, खुर्चीवर बसावं आणि पोराचं वाजवणं ऐकावं, एवढीच माझी हौस. खुर्चीसाठी मी संयोजकांच्या इतक्या विनवण्या केल्या की शेवटी कंटाळून त्यांनी मान्य केलं. बा धुतलेलं धोतर नेसून आला आणि पाहुण्याच्या घरी बसावं तसा खुर्चीच्या टोकावर बसला.

नाच सुरू व्हायच्या आधी धूळ उडू नये म्हणून मैदानावर टँकरनं पाणी मारलं. दुष्काळाच्या नाचासाठी अख्खा टँकर. जवळपासच्या बाया घागरी घेऊन धावत आल्या, तेव्हा स्वयंसेवकांनी त्यांना शिस्तीत मागं हटवलं आणि घागरी एकमेकींवर आदळल्या. संगीताची सुरुवात मला तरी तिथंच झाल्यासारखी वाटली.

अर्धा नाच ठरल्याप्रमाणे झाला, म्हणजे कुणालाच काही कळलं नाही. मग ती मुलगी पडली. दिवे गेले आणि एकच झोत लागला, तो माझ्यासमोर. झोतात हलगी होती. नवी, कुठून तरी मागवलेली, जवळ दोन काड्या. घागर मागं सरकवलेली. मी कडेच्या कनातीकडे पाहिलं तर बाई छातीवर हात ठेवून उभ्या होत्या आणि मान हलवून मला धीर देत होत्या. लोकांसमोर, उजेडात, माझं रक्त जागं होईल असा त्यांचा हिशेब होता.

मला भयंकर राग आला. दोन्ही हात मांडीवर ठेवून मी बसून राहिलो.

ती मुलगी ओल्या मातीत पडून. ठोका नाही तर उठणं नाही. अप्पा पेटीआडून कुजबुजले, "काय करायलात मास्तर?" अप्पांनी हलगीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भात्यावरचा हात काढून घेतला. तेही बसून राहिले. मैदानातून कुणीतरी ओरडलं, "मशीन बिघडली काय रं?" मी पुढच्या रांगेत पाहिलं. बा माझ्याकडे बघतच नव्हता. तो हलगीकडे बघत होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी मी उठलो, मागून घागर ओढली आणि तिच्यावर थाप मारली. भुई बिचारी एकदाची उठली. टाळ्या पडल्या, त्या बहुधा सुटकेच्या असाव्यात.

नंतर भाषणात बाई म्हणाल्या की मधली ती शांतता म्हणजे शहर आणि माती यांनी मिळून लावलेला शोध आहे. स्थानिक पेपरानंही शांततेचीच तारीफ केली. वाजवण्याबद्दल दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. मी आयुष्यात पुढं पुष्कळ वाजवलं, पण एवढं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

बाला सोडायला मी औशाच्या गाडीत बसलो. बरं केलंस, असं तो म्हणेल म्हणून वाट बघत होतो. लातूर मागं पडलं.

मग म्हणाला, "तापिवली नव्हती."

"काय?"

"हलगी. कुठं जाळ दिसला न्हाई मला. जाळावर धरल्याबिगर चामडं ताठ व्हत न्हाई. वाजलीच नसती ती."

"बा, मी वाजवणारच नव्हतो."

"हाव. लई बराबर केलंस." आणि लगेच पुढं म्हणाला, "पर एवढ्या माणसात ठिवायची, तर तापवून तरी ठिवावी."

तो खिडकीबाहेर बघत होता. समोरच्या सीटच्या दांडीवर त्याच्या दोन्ही हातांची बोटं चालली होती, एक हात सावकाश, दुसरा झरझर. गाडीच्या खडखडाटात ऐकू काहीच येत नव्हतं. चुलीतला तो जाळ मला आठवला. बानं त्यात काय जाळलं हे मी वर्गात पोरांना कितीदा तरी ताठ मानेनं सांगितलं होतं. त्याला हलगी आवडत असेल, हे माझ्या डोक्यात त्या दिवसापर्यंत एकदाही आलं नव्हतं.