चिमूटभर भुसा

पोत्यात हात घालून चिमूटभर भुसा काढायचा, डाव्या तळव्यावर अंगठ्यानं चोळायचा, हुंगायचा आणि सरळ जिभेवर ठेवायचा. मग जरा थांबून निकाल द्यायचा, "आंबा हाय. पण जुना, गाभ्यातला."

तंबाखू मळणारी माणसं तुम्हीही ढिगानं पाहिली असतील. भुसा मळून चाखणारा मी तरी एकच पाहिला. कामशेतला त्यांची लाकडाची वखार होती आणि वखारीत लाकूड कापायचा एक जुना आरा. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो.

आम्ही म्हणजे नवलाख उंबरे गावाजवळच्या एका शेडमधली पाच-सहा माणसं. बॅटरीत एक काळा कार्बन लागतो. एरवी तो खाणीतून येतो, नाहीतर पेट्रोलियमच्या गाळापासून करतात. आम्हाला तो लाकडाच्या भुशापासून करायचा होता. भुसा हवाबंद भट्टीत तापवला की त्याचा कार्बन होतो, आणि मिठात जे सोडियम असतं त्यावर चालणाऱ्या बॅटरीत तो घालता येतो. मी तिथली केमिस्ट. हातात मोजे आणि बोलण्यात तोरा.

भाऊंना हे सगळं पहिल्यांदा समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी कोळसाच की. कोळसा पाडाया येवढं शिकावं लागतं व्हय?"

मी जरा फुगूनच मिठाचं आणि सोडियमचं सांगितलं.

"आंबा आन् मीठ. मंग सरळ लोणचं म्हना की."

तेव्हापासून टेम्पोतून पोती उतरवली की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "मॅडम, लोणचं मुरलं का?"

चेष्टा करायचे, पण काम चोख. त्यांच्या वखारीतला भुसा पूर्वी कोंबड्यांच्या शेडवर जायचा, सगळ्या लाकडांचा एकत्र. आमच्यासाठी मात्र ते आऱ्याखालचा खड्डा आधी झाडून, पुसून घ्यायचे, त्या दिवशी फक्त आंबा कापायचे आणि पोत्याचं तोंड स्वतः सुतळीनं शिवायचे. "कोंबडीला काय बी चालतंय. तुमचं यंत्र लय नाजूक," म्हणायचे.

त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "माज्या भुशावर येक दिवा लावून दाखवा. वखारीत आनून लावा, समद्यांम्होरं. लोकांस्नी वाटतं, म्हातारा नुसत्या फळ्या पाडतोय." मी कबूल केलं. दसऱ्यानंतर मोठं गिऱ्हाईक बॅटरी बघायला येणार होतं. ते झालं की पहिला दिवा वखारीत, असं मी त्यांना हातावर हात मारून सांगितलं.

खंडेनवमीला आम्ही भट्टीची पूजा केली. भट्टीसमोर मी दोन तास बसून थोरली रांगोळी काढली. सगळ्यांनी फोटो काढले, मीही मिरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी फरशी झाडली. त्याच दिवशी पत्र्यातून गळलेल्या पाण्यानं काही पोती ओली झालेली दिसली, म्हणून त्यातला भुसा मीच त्या फरशीवर वाळत घालायला लावला. हीच पोती गिऱ्हाइकाच्या बॅटरीसाठी राखलेली होती.

गिऱ्हाइकासमोरच बॅटरी पार ढेपाळली. भुशात राख नको तितकी निघाली. पाहुणे चहा घेऊन निघून गेले. आमच्या शेडच्या साहेबांनी विचारलं, "काय झालं?" आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "भुशात भेसळ आहे." बोलायला किती सोपं गेलं! साहेबांनी भाऊंना निरोप धाडला, यापुढं माल आणू नका.

भाऊ त्याच दुपारी आले. उरलेल्या पोत्यात हात घातला, चोळलं, हुंगलं, जिभेवर ठेवलं. मग बाहेर जाऊन थुंकून आले.

"दाताखाली कचकचतंय. हा दगूड हाय, शिरगोळ्याचा. हितं रांगोळी काढलती का?"

मला रागच आला. आपलं झाकायला आता हे माझ्या रांगोळीवर घसरले, असं वाटलं. मी म्हणाले, "भाऊ, आमचं काम जिभेवर चालत नाही."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "व्हय, ते बी खरंच," म्हणाले. रिकामी पोती घडी घालून काखेत मारली आणि गेले. लोणच्याचं काही विचारलं नाही.

त्या पोत्यांतला भुसा आम्ही पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडला होता; त्याच्या तपासणीचा कागद यायला दिवाळी उजाडली. त्यात सरळ लिहिलं होतं, भुशात पांढऱ्या दगडाची भुकटी आहे. बाजारातली रांगोळी त्याच दगडाची असते, हे मला केमिस्ट म्हणून माहीत असायला हवं होतं. भाऊंना ते जिभेवर कळलं होतं.

खरं तर त्याच पावली कामशेतला जायचं. स्कूटरवर कितीसा वेळ लागतो! मी गेले नाही. लाज वाटली, दुसरं काय. मग मनाशी ठरवलं की रिकाम्या हातानं काय जायचं, दिवा घेऊनच जाऊ. माफी मागायलाही मला मिरवणूक हवी होती. दुसऱ्या वखारीतून भुसा आणला, फरशीला लागू दिला नाही, आणि शिमग्याच्या सुमारास एकदाचा दिवा लागला.

तो घेऊन मी वखारीत गेले. आऱ्यावर दोन कामगार होते. भाऊ कुठं आहेत विचारलं तर एकानं आरा न थांबवताच ओरडून सांगितलं, "गेलं की ते. संक्रांतीच्या आधीच."

घर वखारीच्या मागंच होतं. मावशींनी, त्यांच्या बायकोनं, पाणी दिलं. मी दिवा पुढं केला, तर त्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"येक इचारू? त्यांनी भुशात मिसळ केलती का वो? लोकं म्हनत्यात."

"नाही, मावशी. ती माझी रांगोळी होती. भाऊंनी मला तोंडावर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"तुमाला कवा कळलं?"

"दिवाळीत."

मावशींनी माझ्यापुढचा पाण्याचा पेला उचलला. मग म्हणाल्या, "दिवाळीला व्हते ते."

त्या उठल्या, पदर खोचला. "चला. तितं सांगा." मला वखारीत नेऊन त्यांनी आरा बंद करायला लावला. "आता बोला. मोठ्यानं."

मी बोलले. घरात बोलले होते तेच, मोठ्यानं. दोघं कामगार ऐकत उभे राहिले. त्यातला म्हातारा एवढंच म्हणाला, "म्हंजी जीभ खरी व्हती त्यांची."

मावशींनी माझ्या हातातला दिवा घेतला, भाऊंच्या बाकड्यावर ठेवला आणि मी दाखवलेलं बटण दाबलं. भर दुपारच्या उन्हात तो लागलाय की नाही तेच कळेना. त्यांनी दोन्ही तळव्यांचा आडोसा केला आणि वाकून पाहिलं.

"लागलाय," त्यांनी कामगारांना सांगितलं.

आरा पुन्हा सुरू झाला. आंब्याचाच ओंडका होता. खाली पडलेला चिमूटभर भुसा मी उचलला, तळव्यावर चोळला, हुंगला आणि जिभेवर ठेवला. मला नुसतं लाकूड लागलं.