धूर येतोय का?

आई अत्यवस्थ असल्याची तार हातात पडली तेव्हा शेवगावहून नगरला जाणारी सकाळची एसटी निघून गेली होती. पुढची दुपारनंतर, तीही आली तर. माझं माहेर भिंगारचं. नगरला चिकटून असलेल्या कॅन्टोन्मेंटात वडील लष्कराच्या भांडारात कारकून होते. ते गेल्यावर आई तिथेच भावाजवळ राहत होती. तारेत भावाने म्हटलं होतं की आई तुझं नाव घेते आहे, ताबडतोब निघ. तिला जिवंत भेटायचं, तिच्या तोंडून एकदा हाक ऐकायची, यापलीकडे माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

आमच्याकडे गाडी होती. दुष्काळाच्या त्या सालात, तालुक्याच्या गावाबाहेरच्या वस्तीवर, हे वाक्य खरं तर तोऱ्यात म्हणायला हवं. पण आमच्या घरात ते कुणी तोऱ्यात म्हणत नसे. कुणाकुणाच्या हातून उतरत आलेली जुनी मोटार, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेली. आवाज पिठाच्या गिरणीचा आणि चाल गाभण म्हशीची. यजमानांनी ती हौसेने घेतली होती आणि तिचं दुखणंखुपणं तेच बघायचे. बॉनेट उघडून एकेका नळीला वैद्यासारखा हात लावत उभे राहायचे, आणि मी ओसरीवरून विचारायची, आज कफ आहे की पित्त? त्या दिवशी थट्टा सुचली नाही. चपला घालून मी आधीच गाडीत जाऊन बसले होते. सासरेही फेटा बांधून आले. विहीणबाईंना बघायला मला आलंच पाहिजे, म्हणाले.

गाडी सुरू होईना.

डिझेलच्या गाडीला आधी हीटर द्यावा लागतो. समोरच्या फळीवर एक बारीक तार असते, ती लाल होईपर्यंत थांबायचं आणि मग स्टार्टर मारायचा. यजमानांनी तार लाल केली, स्टार्टर मारला. इंजिन चांगलं गरागरा फिरलं, पण पेटलं नाही. त्यांनी मला मागे उभं केलं आणि धूर येतोय का ते सांगायला लावलं. त्यांची ही जुनी पद्धत. इंजिन जडपणे फिरलं तर बॅटरी मेलेली. जोरात फिरलं आणि मागून पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय, पण पेट घेत नाही. धूरच नाही, तर डिझेल पोचतच नाही. मी पदर तोंडाला लावून त्या नळीकडे बघत राहिले. धूर नव्हता. आई तिकडे माझं नाव घेत होती आणि मी इथे गाडीच्या ढुंगणाशी उभी राहून धुराची वाट बघत होते.

यजमान म्हणाले, एअर धरली. म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली. मग पाना आला, एक नट ढिला झाला, हातपंप दाबदाबून फेसाळ डिझेल बाहेर काढलं, फेस जाऊन स्वच्छ धार आल्यावर नट आवळला. स्टार्टर मारला आणि गाडी काळा धूर ओकत सुरू झाली. माझ्या जिवात जीव आला.

तिसगावच्या अलीकडे ती पुन्हा बंद पडली. आधी दमल्यासारखी झाली, दोन आचके दिले आणि गप्प. पुन्हा मी मागे, पुन्हा धूर नाही, पुन्हा पाना आणि पंप. तिथे दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया होत्या; त्या हातोड्या टाकून आल्या आणि कुणी न सांगता गाडी ढकलू लागल्या. एकीने मला कुठे निघालीस विचारलं. मी ‘आई’ एवढंच म्हणाले, तर ती जास्त जोर लावू लागली.

गाडी सुरू झाली. करंजीच्या घाटाच्या पायथ्याशी पुन्हा बंद पडली.

गाडीने एकदाचा जीव सोडला असता तर बरं झालं असतं. मी रस्त्यात उभी राहून येईल त्या ट्रकला हात केला असता. पण ती दर वेळी सुरू व्हायची. दर वेळी यजमान म्हणायचे, झालं, आता नाही थांबणार, आणि मला ते खरं मानायचं असायचं. कडब्याचा एक ट्रक माझ्यासमोरून घाट चढून गेला. मी हात वर केला आणि त्याच क्षणी मागून इंजिनाचा आवाज आला म्हणून खाली घेतला. तो हात मी खाली का घेतला, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल.

घाटाच्या मध्यावर ती थांबली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सासऱ्यांनी उतरून चाकामागे दगड लावला. यजमानांचे हात कोपरापर्यंत डिझेलने माखलेले, बोटं सोललेली. नट ढिला करून त्यांनी पंप दाबला तर या वेळी काहीच वर येईना. त्यांनी पाना रस्त्यावर आपटला. मी रडत नव्हते. मी शिव्या देत होते, गाडीला, एसटीला, शेवगावात मला दिली त्या सगळ्यांना, आणि यजमान मान खाली घालून ऐकत होते. टाकीत डिझेल तरी आहे का, असं मी ओरडले तेव्हा ते मुकाट्याने मागे गेले. काठी घालून बघायची म्हणून त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं.

झाकण निघता निघता टाकीने हवा ओढून घेतली. तो आवाज आम्हां तिघांनाही ऐकू आला. यजमानांनी झाकण उलटंसुलटं करून बघितलं. टाकीत हवा जावी म्हणून झाकणाला एक बारीक भोक असतं, ते बुजलेलं होतं. हवा आत जात नव्हती, म्हणून डिझेल बाहेर येत नव्हतं. ते काडीने कोरू लागले. आतून वाळलेलं, पिवळसर काहीतरी भुगा होऊन निघालं. त्यांनी ते बोटावर घेतलं, हुंगलं आणि आपल्या वडिलांकडे बघितलं.

पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता. वैरण नव्हती म्हणून आमची बैलजोडी उन्हाळ्यातच कोल्हारला नणंदेकडे पाठवली होती. तिथे प्रवरेच्या पाण्यावर ऊस होता, बैलांना उसाच्या शेंड्यांचं वाढं मिळत होतं. पोळ्याला गोठा रिकामा. बैलाच्या तोंडी पुरणपोळीचा घास गेला नाही असा पोळा सासऱ्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी गाडीला कुंकू लावलं, ओवाळलं, ते मी बघितलं होतं. घास द्यायला ते मागे गेले, ते मी बघितलं नव्हतं.

"म्याच दिला," सासरे म्हणाले. "हितनंच खाती नव्हं ती?"

मला सासऱ्यांचा भयंकर संताप आला. म्हातारा माणूस, मायेने केलं, बैलांची आठवण काढून केलं, हे सगळं मला त्या क्षणीही कळत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. यजमानांनी नळीतली हवा काढली, झाकण नुसतं वर ठेवून फडक्याने बांधलं, आणि गाडी पहिल्या स्टार्टरला पेटली. मग भिंगारपर्यंत ती एकदाही थांबली नाही. एवढी गुणी गाडी मी पुन्हा बघितली नाही, आणि सारा रस्ता मी तिचा तिरस्कार करत बसले होते.

दारात चपला होत्या. बायकांचा आवाज रस्त्यावरच आला.

आईला जाऊन फार वेळ झाला नव्हता. तिला खाली घेतलं होतं, पण अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं. मी तिचा हात धरून बसले. वहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत सांगत होती की सकाळपासून जीव तुझ्यातच अडकला होता. सासरे उंबऱ्याशी फेटा काढून बसले होते.

"इथं लष्कराच्या गाड्या दिवसभर ये-जा करतात, तुला माहीतच आहे," वहिनी म्हणाली. "गाडीचा आवाज आला की डोळे उघडायच्या. दर गाडीला. आली का, विचारायच्या."

थोड्या वेळाने रस्त्यावरून एक ट्रक गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या. मी आईच्या पापण्यांकडे बघितलं. उंबऱ्यावरून सासऱ्यांनीही बघितलं.