बिनधुराचा कोळसा

वलगाव रोडवर सूर्यभान इंगोले यांची लाकूड-कोळशाची टाल आहे. तिथं कोळसा घ्यायला गेलात तर ते आधी भाव सांगत नाहीत. विचारतात, “कुठी पेटवसान? उघड्यावर, का घरात?” राजापेठेतले गच्चीवर पनीर आणि चिकन भाजणारे पोट्टे एकमेकांना कोपरानं ढोसून हसतात. कोणी म्हणतं, म्हाताऱ्याचं डोकं सरकलं. मी समोर असले तर ऐकून घेत नाही. हसणाऱ्याला तिथंच चार शब्द सुनावते आणि मगच माझी पोती गाडीत टाकते.

माझं केटरिंगचं काम आहे. लग्नं, बारशी, वाढदिवस, आणि आताशा फार्महाऊसवरचं ते भाजणं. बावीस वर्षं झाली, मी याच टालीवरून कोळसा घेते. स्वभाव माझा असा की मेथीच्या जुडीवरूनही भाजीवाल्याशी भांडण झाल्याशिवाय राहत नाही, पण सूर्यभानभाऊंशी भांडायला त्यांनी कधी कारणच दिलं नाही.

नांदगाव खंडेश्वरकडचे ते. चार भावांतले धाकटे. शेतीत भावांचंच भागत होतं, म्हणून हे शहरात आले आणि कोळशात पडले. पडले ते असे की त्यातलं त्यांना जे कळायचं ते दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं. कोळशाचे दोन तुकडे घेऊन एकमेकांवर आपटायचे. टण्ण वाजला तर पक्का, थप्प वाजला तर आत ओल. मग तुकडा मोडायचे. आत काळीभोर चमक दिसली तर ठीक, तपकिरी रेघ दिसली तर भट्टीतून लवकर काढलेला, अर्धा कच्चा. मग जिभेला लावायचे. कोरडा कोळसा जिभेला चिकटतो, पाणी मारून वजन वाढवलेला चिकटत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली होती, पुढं मीही शिकले.

शेवटी प्रत्येक पोत्याच्या तळातून मूठभर काढून छोट्या शेगडीत पेटवायचे आणि डोळे बारीक करून धूर बघत बसायचे. “एक पोतं तं कोनीबी चांगलं देते, सत्यवतीबाई,” म्हणायचे, “दहावं पोतं पाहा. पह्यल्यासारखं निंगालं, तं माल.” बाभळीत आंब्याचा कोळसा मिसळला तर आंबा आधी राख होतो, आणि सळईवरचं अर्धं कच्चं राहतं. त्यांच्या पोत्यात असं कधी झालं नाही. बिनधुराचा कोळसा म्हटलं की अख्ख्या अमरावतीत त्यांचं नाव निघायचं, आणि त्याचा त्यांना गर्व होता. असायलाच हवा होता.

तीन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी रागिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर अकोल्याचं. जावई किशोर, चांगला मुलगा, फक्त आईसमोर तोंड उघडत नाही. आपल्याकडे बाळंतिणीला शेक देतात. तेल लावून आंघोळ झाली की ती बाजेवर निजते, बाजेखाली विस्तवाची शेगडी, त्यावर ओवा-शेपा टाकायचा. सव्वा महिना असं चालतं. सूर्यभानभाऊंची बायको जमुनाताई दिवाळीपासूनच गोवऱ्या रचून बसली होती. तिच्या आईनं तिला गोवऱ्यांवरच शेकलं होतं.

सूर्यभानभाऊ ऐकेनात. “माह्या नातवंडाच्या डोयात गवरीचा धूर? कोयशेवाल्याच्या घरी?”

“गवऱ्याच बऱ्या,” जमुनाताई म्हणाली. “तुमचं तं कोयशाबिगर पानबी हालत नाही.”

ती हसून म्हणाली आणि तिनं तो विषय सोडला. त्यांनी मात्र तीन पोती वेगळी काढली. एकेक तुकडा हातानं वाजवून, सगळे सारख्या मापाचे, जुन्या बाभळीचे. मला कौतुकानं दाखवले. मीही वाहवा केली. खोटं कशाला सांगू, असा कोळसा मी तोवर पाहिला नव्हता.

मुलगी झाली. डिसेंबरातली थंडी, सकाळी हात गारठायचे. मागच्या लहान खोलीत वारा येऊ नये म्हणून भाऊंनी खिडकीच्या फटींत स्वतः पोत्याच्या चिंध्या कोंबल्या. अकराव्या दिवशी मायलेकींच्या आंघोळी झाल्या. रागिणी बाजेवर निजली, बाजेखाली रोजची शेगडी आणि त्या दिवशी गारठा जास्त म्हणून उशाशी दुसरी. जमुनाताई तिथंच खाली चटईवर टेकली. तिचं हृदय आधीच नाजूक, पहाटेपासून उभी होती. बाळाला कोवळं ऊन द्यायचं म्हणून भाऊंनी दुपट्यात गुंडाळून अंगणात आणलं, आणि जाताना दार ओढून घेतलं.

ते दारासमोरच बसले होते. हे त्यांनीच मला सांगितलं, एकदाच. नात मांडीवर, पाठीला ऊन. समोर बंद दार. दाराच्या वरच्या फटीतून धूर येतो का ते बघत होते. इतक्या वर्षांची सवय. धूर येत नव्हता. दोन शेगड्या पेटलेल्या आणि धुराचा धागासुद्धा नाही. त्यांना फार बरं वाटलं. तासभर ते तसेच खुशीत बसून होते.

बाळ भुकेनं रडायला लागलं तेव्हा त्यांनी हाक मारली. एकदा, दोनदा, आणि मग दार ढकललं.

कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणून मी त्या सकाळचं जास्त सांगत नाही. जमुनाताई दवाखान्यात पोचण्याआधीच गेली होती. रागिणीला ऑक्सिजन लावला, ती तिसऱ्या दिवशी नीट शुद्धीवर आली.

मी दवाखान्यात खिचडीचा डबा घेऊन गेले होते, म्हणून डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. डॉक्टर तरुण होते, पण सांगितलं सावकाश. बंद खोलीत कोळसा जळला की एक विषारी वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं, आणि कळेपर्यंत हात हलवायची ताकद राहत नाही.

सूर्यभानभाऊ म्हणाले, “पन कोयसा चांगला होता. एक नंबरचा होता.”

“चांगल्या कोळशानंही तो होतोच, काका.”

“अन् गवऱ्या असत्या तं?”

“गोवरीचाही वायू होतोच. पण त्याचा धूर झाला असता. डोळे चुरचुरले असते, आणि तुम्ही दार उघडलं असतं.”

भाऊंनी माझ्या हातातला डबा घेतला आणि तो धरून बाकावर बसले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, पण त्यांच्यासमोर हुंदका कसा देणार? मग म्हणाले, “रागिणीले सांगू नोका. अंगात रक्त नाही तिच्या.”

मी सांगितलं नाही. त्यांनीही नाही. झोपेतच हार्टफेल झालं, भाग्याची होती, असं लोक म्हणत गेले आणि आम्ही म्हणू दिलं. रागिणीला वाटलं, तिला स्वतःला अशक्तपणामुळे चक्कर आली. महिनाभर हे असंच चाललं. चूक आमची होती, आणि तिचा भार कोणावर पडेल हे आमच्या लक्षात आलं नाही.

सुतकामुळे बारसं सव्वा महिन्यानं ठेवलं. साधंच, घरातल्या घरात. स्वयंपाक माझ्याकडे होता, पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता. अकोल्याहून किशोर आला, त्याची आई सुंदराबाई आली. बाई दुष्ट नाही. नातीसाठी चांदीचे वाळे आणले होते. पण मी पुऱ्या लाटत होते आणि पलीकडच्या खोलीतून तिचा आवाज आला.

“पोट्टी उन्हात बाहीर गेली, अन् आजीले घेऊन गेली. पांढऱ्या पायाची हाये. उद्या माह्या किशोरवर बेतलं तं मी कोनाच्या तोंडाकडं पाहू? रागिणी चालो आमच्यासंगं. पोट्टीले पाच वर्सं आजोयी राहू द्या.”

रागिणीनं मुलीला घट्ट धरलं. “आई, ते सव्वा महिन्याची हाये. दूध पिते माह्यं.”

“दूध वरचं पाजता येते.”

किशोर खाली बघत होता. मला इतका संताप आला की लाटणं घेऊन तशीच दारात गेले. तर सूर्यभानभाऊ तिथं आधीच उभे होते, हातात चहाचा ट्रे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ट्रे त्यांनी माझ्याकडे दिला. आधी रागिणीकडे पाहिलं, बराच वेळ. मग वळून मागच्या अंगणात गेले आणि उरलेल्या पोत्यातले दोन तुकडे घेऊन आले.

सगळ्यांसमोर ते तुकडे एकमेकांवर आपटले. टण्ण आवाज आला.

“हा माहा कोयसा,” ते म्हणाले. “माह्या बायकोले यानं मारलं. मी निवडला, मी पेटवला. खिडकीत चिंध्या मी कोंबल्या, दार मी लावलं. ते गवऱ्या मांगत होती, मी आयकलं नाही. डाक्टरनं मले त्याच दिवशी सांगतलं अन् मी महिनाभर तोंड दाबून बसलो. गॅस होते यात. दिसत नाही.”

सुंदराबाई चाचरत म्हणाली, “चूक कोनाकूनबी होते, इवाई. पन पायगुन...”

“इहीनबाई, तिचे पाय अजून जमिनीले टेकलेबी नाहीत.”

किशोर उठला. लग्नात सात शब्द बोलला नव्हता तो मुलगा. रागिणीपाशी जाऊन त्यानं मुलीला उचलून घेतलं आणि आईला म्हणाला, “माही पोरगी माह्या घरी येईन. तुले जमत नशीन तं आमी वेगळे राहू.” सुंदराबाईनं पदर डोळ्यांना लावला. थोड्या वेळानं तिनंच वाळे काढून मुलीच्या पायांत घातले. मुलीचं नाव ठेवलं दीक्षा.

ह्या सगळ्यात रागिणी बापाच्या हातातल्या तुकड्यांकडे नुसती बघत होती. त्यांनी ते ठेवून दिले तरी तिची नजर तिथंच होती.

चार वाजता गाडी आली. सामान ठेवलं, किशोर मुलीला घेऊन पुढं बसला. रागिणी माझ्या गळ्यात पडून रडली, शेजारणींच्या पाया पडली, जमुनाताईच्या फोटोला हात लावला. दारात बाप उभा होता. त्यांच्या शेजारून ती गेली, खाली बघत, आणि गाडीत बसली. पाया पडली नाही. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तिनं काच खाली केली नाही.

मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. म्हटलं, “भाऊ, तिला आधी एकटीला बोलावून सांगायचं होतं. आता ती येईल का पुन्हा?”

“नाही येनार. मले मालूम होतं.” ते रस्त्याकडेच बघत होते. “पोट्टी गेली ना तिच्यासंगं?”

“गेली.”

“मंग झालं,” ते म्हणाले.