एका कुंडीतला लामास

जुलैच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सेंगकांगमधल्या एका ब्लॉकखालच्या सामूहिक बागेत सहापैकी पाच कुंड्यांतली ज्वारी कापली गेली. कापणारा माझा धाकटा भाऊ संजय. कापणी ठरल्यापेक्षा तीन आठवडे आधी झाली होती, हे त्याला अकरा वाजता कळले.

मी आदल्या संध्याकाळी सोलापूरहून मुंबईमार्गे चांगी विमानतळावर उतरले होते. मुक्काम महिनाभराचा होता. संजय जुरोंग आयलंडवर इंजिनिअर आहे. पहाटेच कंपनीची बस पकडतो, त्यामुळे बाग त्याला रविवारीच दिसते. कुंड्या त्याच्या बायकोच्या, प्रज्ञाच्या. ती विद्यापीठात वनस्पतींवर संशोधन करते.

संजय पिशवीभर हिरवी कणसे घेऊन वर आला. गॅसवर जाळी ठेवून ती भाजली, तळहातावर चोळली आणि हुरडा (ज्वारीचे कोवळे, भाजलेले दाणे) माझ्यापुढे ठेवला. सोबत मी आणलेली शेंगाचटणी. जुलैत हुरडा सोलापुरात मिळतो का, असे त्याने मला विचारले. मिळत नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या.

प्रज्ञा बाजारातून आली आणि ताटाकडे पाहत राहिली.

"ही डोरीनची ज्वारी होती," ती म्हणाली.

"कुंडीत जोंधळा हुरड्यासाठी नाही, तर कशासाठी लावतात?"

"भाकरीसाठी, संजय."

डोरीन त्याच ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर राहणारी निवृत्त शिक्षिका. ती दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला लामास पाळते. युरोपातल्या जुन्या निसर्गपूजकांचा हा पहिल्या कापणीचा सण. नव्या धान्याची पहिली कणसे कापायची, त्यांचा पाव करायचा, पहिला तुकडा मातीला द्यायचा आणि प्रत्येकाने कोणाचे तरी आभार मानायचे. वीस वर्षे तिने तो दुकानातल्या पिठावर साजरा केला. या वर्षी प्रथमच धान्य ब्लॉकच्या बागेतले, प्रज्ञाने तिच्यासाठी पेरलेले असणार होते. पुढच्या वर्षी ती इथे नसणार होती. सणानंतर तीन दिवसांनी ती मुलीकडे पर्थला कायमची जाणार होती.

सहाव्या कुंडीतले बी मैनांनी उकरले होते, म्हणून प्रज्ञाने ते दोन आठवडे उशिरा पुन्हा पेरले. तिथले दाणे अजून चिकात होते. हुरड्याच्या कामाचे नाहीत म्हणून संजयने ती कुंडी सोडली होती.

संध्याकाळी वर जाऊन कबुली द्यायची, असे ठरले. त्याआधी चार वाजता त्यांची आठ वर्षांची मुलगी अन्वी लिफ्टमध्ये डोरीनला भेटली. "आंटी, डॅडीने तुमचा लामास ऑलरेडी खाल्ला, ला," असे तिने वाक्याच्या शेवटी 'ला' लावणाऱ्या इथल्या इंग्रजीत सांगितले. पाच मिनिटांत दारावरची बेल वाजली.

संजय उभा राहिला आणि माफी मागू लागला. डोरीनने त्याला थांबवून हुरडा मागितला. ती बराच वेळ चावत राहिली. कापणीपर्यंत न थांबणारी माणसे आपण शाळेत बरीच पाहिली, पण ती सगळी दुसरीत होती, असे ती म्हणाली. मग प्रज्ञाकडे वळून हळू आवाजात तिने विचारले, "माझ्यासाठी काही उरलंय का?"

प्रज्ञाने सहाव्या कुंडीबद्दल सांगितले. ऊन पडले तर दाणा भरेल. पाऊस लागला तर काळा पडेल.

पुढचे तीन आठवडे मी शहर पाहिले. डोरीनने मला खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कोपी (कंडेन्स्ड दूध घातलेली कॉफी) पाजली आणि जेवणाचे टेबल अडवायला त्यावर टिश्यूचे पाकीट ठेवायला शिकवले. माझे पाकीट कोणीतरी वापरून टाकले. संजय रोज बसमधून उतरला की कुंडी छपराखाली ओढायचा आणि पहाटे पुन्हा बाहेर ठेवायचा. कुंडीवर त्याने जुनी मच्छरदाणी बांधली. शेजारी त्याला वॉचमन म्हणू लागले.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता बागेत नऊ जण जमले. प्रज्ञाने दाण्यात नख रोवून पाहिले. नख रुतले नाही. डोरीनने स्वयंपाकघरातल्या कात्रीने तीन कणसे कापली. दाणे ओव्हनमध्ये सुकवून मिक्सरमध्ये दळले. पीठ वाटीभर निघाले.

ज्वारीचा पाव होत नाही, हे प्रज्ञाने आधीच सांगितले होते. आपण बौद्ध आहोत, पूजा करणार नाही, भाकरी करू, हेही सांगितले होते. डोरीनला दोन्ही मान्य होते. तिची अट एकच: फुगली पाहिजे. भाकरी आचेवर गेली, एका कडेने उचलली आणि टम्म फुगली. अन्वीने टाळ्या वाजवल्या.

खाली बागेत डोरीनने पहिला तुकडा कुंडीतल्या मातीत पुरला. आभार सुरू झाले. प्रज्ञाने उन्हाचे मानले, अन्वीने मैनांचे, कारण त्यांनी बी उकरले नसते तर ती कुंडीही डॅडीने कापली असती. मग संजयची पाळी आली.

"तुम्ही त्या दिवशी दारातून परत गेला नाहीत, त्याबद्दल," तो डोरीनला म्हणाला.

डोरीनने कोणाचे आभार मानले ते कळले नाही. ती मातीकडे पाहून पुटपुटली. भाकरीचे नऊ तुकडे झाले. आठ तिथेच संपले. नववा तिने रुमालात बांधला.

मंगळवारी संजयने रजा घेऊन तिला चांगीला सोडले. ऑस्ट्रेलियात उतरताना जवळचे खाणे जाहीर करावे लागते, हे तिला तिथे आठवले. तुकडा तिने गेटवर बसून खाल्ला आणि विमान सुटण्यापूर्वी रिकाम्या रुमालाचा फोटो प्रज्ञाला पाठवला.