गोदूची बाजू

एकतीस सालच्या दिवाळीनंतर दिघी बंदरावर शिवदासशेठच्या भाताच्या वखारीचा पाया सुरू झाला, आणि ठमाबाई आणि गोदू या दोघी जावा त्या कामावर लागल्या. बोर्लीजवळच्या एका गावात त्या एकाच मांडवातून सुना होऊन आल्या होत्या. नवरे मुंबईला गोदीत. घरी सासू, शेत आणि या दोघी.

उंचीला सारख्या, म्हणून येसाजी मुकादम धुमसाला त्यांनाच बोलवायचा. जमीन चोपायचा तो जड ओंडका, समोरासमोर दोन मुठींचा. दोघींनी बरोबर उचलायचा, बरोबर सोडायचा. पंधरा वर्षं गावोगावची खळी आणि बांध त्यांनी चोपले होते. ठमाबाईने श्वास आत घेतला की समोर गोदूचे हात आपसूक वर जायचे.

त्या वर्षी भादव्यापासून गोदूला खोकला लागला होता. अंगात बारीक ताप असायचा. सासूने सांगूनच टाकलं, "कामावर जाते तवर ऱ्हाऊ दे. पडली का खाडीपल्याड भावाकडं धाडायची. माझ्या चुलीशी खोकणारं माणूस नको." आगरदांड्याचा तो भाऊ विधुर, दिवसभर दुसऱ्याच्या आगरात राबणारा. गोदू तिकडे गेली तर परत यायची नाही, हे ठमाबाईला कुणी सांगायला नको होतं. म्हणून गोदू मुठीला धरून उभी दिसली पाहिजे, एवढंच तिने मनाशी धरलं.

खाडीकाठचा चिखल उपसून चर खणलेले होते. त्यात वीतभर मुरूम पसरायचा, पाणी शिंपायचं आणि चोपायचं, की वर दुसरा थर. ठमाबाई आपली मूठ खालून धरायची आणि सगळा भार स्वतःकडे ओढायची. गोदूचे हात नुसते टेकलेले असायचे.

शेजारच्या चरातून केसर ओरडायची, "ठमाबाय, धुमस मारतेस का पालना हालवतेस गो?"

"तुज्या सासूला निजवतंय!" ठमाबाई म्हणायची. बाया हसायच्या. गोदूही हसायची, आणि त्या हसण्याने तिला ढास लागायची.

वरचा थर झाल्यावर चोप नीट बसलाय का ते बघायला येसाजीने चरात रात्रभर पाणी कोंडून ठेवलं. सकाळी सगळीकडे पाणी जिथल्या तिथे होतं. उत्तरेच्या कोपऱ्यात मात्र एका बाजूने मुरूम खचून पाणी पिऊन गेला होता. येसाजी उकिडवा बसला. त्याने खचलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"धुमस कलता पडलाय. इथं कोन हुतं?"

"मी," ठमाबाई म्हणाली.

येसाजीने तिच्या हातांकडे पाहिलं. तळव्यांवरचे फोड फुटून सालटं निघाली होती. मग त्याने गोदूच्या हातांकडे पाहिलं. तो काही बोलणार, त्याआधी गोदूच म्हणाली, "दादा, ही बाजू माजी. बाय खोटं बोलतेय."

"गोदू, गप ऱ्हा!"

"किती दिस वडशील, बाय? मला हात उचलवत न्हाय."

येसाजी वाईट माणूस नव्हता. तो हळूच म्हणाला, "वर शेकडो पोती येनार, ठमाबाई. जोडी बदलावी लागंल. तिला घरी जाऊ दे."

ठमाबाईने गोदूचा भार उचलला होता. पण एकीने उचललेला धुमस सरळ पडत नाही, हे इतक्या वर्षांच्या कामात तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण एकटीने तिने तो कधी उचललाच नव्हता.

चार दिवसांनी भाऊ न्यायला आला. कोपरा उकरून नवा मुरूम पसरला होता, ओल होती तोवर चोपायलाच हवं होतं. समोर केसर उभी, ठमाबाईहून वीतभर उंच. धक्क्यावरून होडी सुटली तेव्हा गोदूने पदर तोंडाला लावला होता, निरोपासाठी की खोकल्यासाठी, ते एवढ्या लांबून कळलं नाही. ठमाबाईने मूठ सोडली नाही. सोडली असती तर कोपरा पुन्हा खचला असता.

पौषात आगरदांड्याहून सांगावा आला. दहावं झालं, सुतक फिटलं, आणि ठमाबाई कामावर परत आली. येसाजीने केसरला हाक मारून धुमस पुढे केला.

"न्हाय दादा," ती म्हणाली. "मला पाटी द्या."

त्यानंतर चाळीस वर्षं तिने डोक्यावरून माती वाहिली.