साबणावरचं व्याख्यान

‘साबण’ या शब्दावरचं व्याख्यान प्राध्यापकांनी पुन्हा एकदा गाजवलं. लॅटिनमधला सापो, फ्रेंचांचा साव्हाँ, अरबांचा साबून, पोर्तुगीजांचा सबाँव. आपल्याकडे तो नेमका कोणाकडून आला, यावर ते तासभर बोलले आणि लोकांनी माना डोलावल्या. त्यांची बायको शेवटच्या रांगेत बसली होती. तिला हे सगळं तोंडपाठ होतं. लग्न झाल्यापासून ती हेच ऐकत आली होती, तेही बहुतेक वेळा धुणं धुताना. कॉलेजात दोघं एकाच वर्गात होते आणि पहिला नंबर तिचा यायचा, हे आता कोणाच्या गावीही नव्हतं.

शेजारच्या बाई म्हणाल्या, “नशीबवान आहात हो! घरबसल्या केवढं ज्ञान!” तिने भेगाळलेली बोटं मुठीत लपवली.

घरी येताच प्राध्यापकांनी शर्ट काढून तिच्या पुढ्यात टाकला. “अगं, चहा सांडलाय. उद्या सकाळी पुन्हा हेच व्याख्यान आहे, तेवढा डाग काढ.”

तिचं डोकंच फिरलं. मोरीतून साबणाची वडी आणून तिने त्यांच्या हातात कोंबली. “अहो, हा साबण! जन्मभर याच्या खानदानाची चौकशी करताय, एकदा याला भेटा तरी!”

प्राध्यापकांनी वडी उलटसुलट केली, हुंगली. मग खरोखरच गोंधळून त्यांनी विचारलं, “आधी शर्ट भिजवायचा, की आधी हा?”

वर्गात पहिल्या येणाऱ्या बाईने वडी परत घेतली आणि ती मोरीत डाग चोळत बसली.