हौसाच्या हिरड्या

"हास की गं! डॉक्टर बघत्यात न्हवं?"

पाटलीणबाई असं म्हणाल्या आणि पाटलाच्या जावयानं माझ्या बायकोचा वरचा ओठ चिमटीत धरून वर उचलला. बाजारात बैलाचे दात बघतात तसा. सोप्यात पाहुणे बसलेले, हातात कपबश्या. मी पायरीखाली उभा. काखेत वस्तऱ्या-कात्रीची धोपटी. फलटणकडच्या त्या गावाचा मी न्हावी. बहात्तरचा दुष्काळ सरून एकदोन वर्षं झाली होती, तवाची ही गोष्ट.

हौसा हसली की दातांच्या वर बोटभर हिरडी दिसायची. लालबुंद. दात मात्र पक्के. ऊस दातानं सोलायची. आमच्या घरात त्या हिरडीचं कुणाला काही नव्हतं. पाटलाच्या घरात होतं. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालेलं. नवरीला न्हाऊ घालायचा आणि पाठराखीण म्हणून तिच्यासंगं जायचा मान न्हावणीचा. व्याही पुण्याचे. फोटो निघणार. नवरीच्या शेजारी हे तोंड पाटलीणबाईंना नको होतं. मान मोडता येत नव्हता, म्हणून तोंड दुरुस्त करायचं ठरलं.

जावयाचा सांगलीला दातांचा दवाखाना. त्यानं उदबत्तीची काडी घेतली आणि हौसाच्या हिरडीवर टेकवून पाहुण्यांना शिकवायला लागला.

"याला तीन उपाय. हिरडी छाटायची. त्याला फेऱ्या लागतात, हिला कोण आणणार? दुसरा, ओठ आतून कापून खाली शिवायचा, म्हणजे तो वर जातच नाही. ते परदेशात करतात. तिसरा, वरचे सगळे दात काढायचे, हाड घासायचं आणि कवळी बसवायची. हिला तिसरा बरा. कायमचा निकाल."

"कवळी घालून न्हावीण मडम दिसंल की रं!" एक पाहुणा म्हणाला.

सगळे हसले. त्यांच्या हिरड्या कुणी बघितल्या नाहीत. हौसाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ओठ त्याच्या चिमटीत, म्हणून तोंड हसरंच दिसत होतं. माझा बापही त्या पायरीखाली कधी बोलला नव्हता.

घरी आल्यावर ती आरशाचा तुकडा घेऊन बसली. बोटानं ओठ खाली दाबायची, सोडायची.

"काढून टाकू या वं," म्हणाली. "दात गेल्यानं काय मरत न्हाई मी."

"दुखतंय का काय तुला?"

"दुखत न्हाई. पर ती समदी हसत्यात."

मला झोप आली नाही. चांगले धडधाकट दात. एका फोटोपायी.

सकाळी पाटलाची दाढी करायला गेलो. डोळे मिटून, मान मागं टाकून बसला. नरडं माझ्या वस्तऱ्याखाली. एक गाल झाला.

"उद्या जीप सांगलीला चाललीया," डोळे न उघडता म्हणाला. "धाड तिला. आन बोंबलू नगं म्हणावं. बायकू तुझी, पर त्वांड आमाला बघावं लागतंय."

वस्तरा थांबला. नरडं उडत होतं. खोटं कशाला सांगू, मनात आलं. मग वस्तरा वर नेला आणि झुपकेदार मिशीची उजवी बाजू एका फटक्यात उतरवली. वस्तरा पुसला, मिटला, धोपटीत टाकला.

पाटलानं ओठावर हात फिरवला. "काय केलंस रं?"

"याला तीन उपाय हायती, आबासाहेब. डावी काढा, उजवी वाढू द्या, न्हाईतर चिकटवा."

गड्यांनी मला चावडीपर्यंत तुडवत नेलं. ते होणार हे ठाऊकच होतं. पण पाटलाची राहिलेली दाढी करायला कुठल्याच गावचा न्हावी आला नाही. आमच्यात एकानं टाकलेलं गिऱ्हाईक दुसरा उचलत नाही. ही गोष्ट पाटलाच्या ध्यानातच आली नव्हती. त्याला वाटलं, न्हावी म्हणजे शिट्टीला येणारं कुत्रं. शेवटी स्वतःच्या हातानं डावी मिशी काढली. आमच्याकडं बाप मेला की मिशी उतरवतात. मागनं कळलं, लेकीच्या लग्नात पाटील सुतकी माणसासारखा उभा. फोटो निघाले.

त्या दिवशी मी मार खाऊन घरी आलो, हौसाला समदं सांगितलं. आधी रडली. मग हसली. पदर तोंडावर घेतला नाही. सगळ्या हिरड्या उघड्या. त्याच दिवशी गाव सोडलं. सांगलीत झाडाखाली खुर्ची मांडली. तिथं ती जन्मभर मोठ्यानं हसली.

यंदा हौसा गेली. घर लय गप आहे.

परवा पाटलाचा थोरला आला, मोटारीतनं. "आबा आता हातरुणातच हायेत. दाढी तुमच्याच हातची पायजे म्हणत्यात. झालं गेलं सोडा की आवं. वहिनींचं ऐकलं, वाईट वाटलं."

त्याला बस म्हटलं नाही.

"माझा हात अजून कापत न्हाई," मी म्हणालो. "पर त्या गालाला लागणार न्हाई. सांग त्याला."

माफी देणारा मी कोण, जिचा ओठ उचलला ती गेली. तो पाटील दाढीची खुंटं वागवत, माझी वाट बघत मरू दे. तो मेल्यावर त्याच्या पोरांची डोकी भादरायला निरोप येईल. मी जाणार नाही. माझ्या लेकालाही समोर बसवून सांगितलंय. मी नसलो तरी त्या घराची पायरी चढायची नाही.